मुरब्याला पक्षी बघायला

मिरजेहून निघाले तेव्हा माझ्या कपड्यांची बॅग लहान होती आणि कॅमेऱ्याची मोठी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सुपरझूम कॅमेरा घेतला, कारण दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, लेन्स बदलायची भानगड नाही. सगळं एकात. ओझंच नाही." त्यानंतर या बिनओझ्याच्या कॅमेऱ्यासाठी मी ट्रायपॉड घेतला, काचेवर लावायचा फिल्टर घेतला, जादा बॅटऱ्या, उन्हासाठी हुड, धूळ उडवायचा रबरी फुगा, पावसाची झूल, आणि हे सगळं मावेल अशी पाठीवरची पिशवी. आमच्या पक्षीमित्र मंडळातले मोठ्या लेन्सवाले तरीही माझ्याकडे, लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

बोईसरला माझा भाऊ सुधाकर कारखान्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. थंडीत त्या बाजूच्या खाड्यांवर पक्षी येतात, म्हणून मी गेले. स्टेशनवर उतरल्याबरोबर हवेला औषधाच्या दुकानासारखा वास आला. रिक्षावाला पिशवी बघून म्हणाला, "मशीन का सामान है क्या, मौसी?" मी कॅमेरा आहे म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

घरी चहा होतो न होतो तोच वहिनीने विचारलं, "वन्सं, तुमचा कॅमेरा लांबचं किती दाखवतो?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी आपणहून विचारला नव्हता. मी साठपट झूम म्हणजे काय ते उत्साहाने सांगू लागले. वहिनी मध्येच म्हणाली, "म्हणजे माणूस ओळखू येईल ना?"

मग खरी गोष्ट कळली. माझी भाची केतकी, तिथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला पालघरचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं नाव निखिल. नोकरी चांगली, माणसं मूळची जळगावची, घर आमच्यासारखंच कडक शाकाहारी. फोटो पसंत पडले होते, पुढच्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम होता. पण कोणीतरी वहिनीच्या कानावर घातलं होतं, की मुलगा दर रविवारी सातपाटीहून होडीने खाडी ओलांडून मुरब्याला जातो. कशाला जातो, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"कोणीतरी असेल तिथे त्याचं," वहिनी म्हणाली. "तुम्ही पक्षी बघायला जा. तेवढ्यात त्यालाही बघून घ्या."

केतकी म्हणाली, "मीही येते आत्याबरोबर. बघायचंय तर मलाच बघू दे."

बघण्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षाने मुरब्याला पोचलो. गावात शिरताच बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसले आणि केतकीने नाकाला रुमाल लावला. ओहोटी लागली होती. खाडीकाठच्या चिखलात चोच खुपसत फिरणारे छोटे तुतारी पक्षी शेकड्यांनी होते. मी ट्रायपॉड उभा केला, हुड लावला आणि कर्तव्य विसरून फोटो काढू लागले. पूर्ण झूमवर माझा श्वासही चित्र हलवतो, त्यामुळे दर फोटोत तुतारीऐवजी तुतारीचा संशय येत होता.

"आत्या, होडी," केतकी म्हणाली.

मी कॅमेरा वळवला. होडीतून एक चष्मेवाला मुलगा उतरला. हातात केळ्यांचा घड होता. तो सरळ काठावरच्या एका घरी गेला, ओसरीवर बसला. एक पन्नाशीची बाई बाहेर आली आणि तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

मी बटण दाबलं. ताटात तांदळाची भाकरी होती, लालभडक कालवण होतं आणि कडक शाकाहारी घराण्यातल्या मुलाच्या दोन बोटांत बोंबील होता.

केतकीने छोट्या पडद्यावर पाहिलं आणि खाली बसून पोट धरून हसली.

अजून जरा जवळून मिळावं म्हणून मी ट्रायपॉड चार पावलं पुढे नेला. त्याचा एक पाय चिखलात गेला, त्याला सावरताना माझे दोन्ही गेले. कॅमेरा मी डोक्यावर धरला होता. गुडघ्यापर्यंत रुतल्यावर मात्र हाक मारावी लागली.

ती बाई आणि तो मुलगा धावत आले. त्याने हात पुढे केला. हाताला कालवणाचा वास होता. मी तो घट्ट धरला.

"काय करत व्हत्या चिकलात?" बाईने विचारलं.

"पक्षी बघत होते."

"ते काय गावभर हाईत. आत कशाला जायाचं?"

निखिल माझ्याकडे बघतच नव्हता. फोटोतल्या मुलीला त्याने ओळखलं होतं. तो खरकटा हात पाठीमागे घेऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "या हिरामावशी. यांचा मुलगा माझ्याबरोबर कामाला आहे. मी इथे जेवायला येतो. घरी माहीत नाही."

"मला वास सहन होत नाही," केतकी रुमालातून म्हणाली. "तुम्ही खाता त्याला माझी ना नाही. लपवता त्याला आहे. पुढच्या रविवारी तुम्ही सांगाल का, की मी सांगू?"

त्याने पाठीमागचा हात पुढे घेतला. मग म्हणाला, "मी सांगतो. पण आई उठून जाईल."

हिरामावशींनी माझ्या पायांवर पाणी ओतलं. "पोराला जेवू द्या आदी," त्या म्हणाल्या. "निवलं ते."

घरी वहिनी वाटच बघत होती. "दाखवा फोटो." फोटो पुसायचं मी केतकीला कबूल केलं नव्हतं आणि तिनेही तसं सांगितलं नव्हतं. पण सांगायचं ते निखिलने सांगायचं होतं, म्हणून मी सुरुवातीपासून दाखवू लागले. प्रत्येक तुतारीची सविस्तर माहिती दिली. पंधराव्या-विसाव्या तुतारीला वहिनी म्हणाली, "कुकर लावायचाय," आणि उठली. माझ्या छायाचित्रणाचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.

पुढच्या रविवारी निखिल आईवडिलांना घेऊन आला. पोह्यांची बशी हातात असतानाच त्याने सांगून टाकलं. त्याच्या आईने बशी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"नोकरी लागल्यापासून."

त्यांनी वहिनीकडे वळून विचारलं, "आमच्या बाजूने एवढं लपलेलं होतं. तुमच्या बाजूने काय लपलंय?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. केतकी म्हणाली, "आम्ही यांचे लांबून फोटो काढलेत."

आता या लोकांना बूट घालताना बघायचं, असं मी मनात धरलं. पण त्या म्हणाल्या, "दाखवा."

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. फोटोत निखिलचा चष्मा नाकावर घसरला होता, ओठाला कालवण लागलं होतं आणि डोळे अर्धे मिटले होते. दोन वर्षांत मी काढलेला न हललेला फोटो हा एकच. त्या माउलीने तो फार वेळ पाहिला.

"हा माझ्या हातचं असं कधीच जेवला नाही," त्या म्हणाल्या. कॅमेरा परत देताना त्यांचे डोळे भरले होते. पोहे तसेच राहिले आणि मंडळी लवकर गेली. त्या रात्री वहिनी माझ्याशी बोलली नाही.

निघायच्या दिवशी केतकी मला सोडायला बोईसर स्टेशनवर आली. गाडीची वाट बघत असतानाच तिला निखिलचा फोन आला. ती ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळली. "त्याच्या आईचा होकार आहे. म्हणाल्या, मुरब्याला खुशाल जा, पण मला सांगून जा. आणि परवा त्यांनी त्याला विचारलं, त्या बाई कालवणाला वाटण काय घालतात? मासे सोडून बाकी सगळं तसंच करून बघणार आहेत."

गाडीत खिडकीशी बसल्यावर मी कॅमेरा काढला नाही. लांबचं जवळ आणण्याची हौस मला अजूनही आहे आणि पुढच्या थंडीत मी पुन्हा खाडीवर जाणार आहे. पण त्या बाई आत्ता पालघरच्या स्वयंपाकघरात बोंबलाशिवायचं बोंबलाचं कालवण ढवळत असतील, हे मला वाटेत सारखं दिसत राहिलं.