धुतलेली मूस

"मूस कोनं धुतली? मी विचारून राहिलो, मूस कोनं धुतली?"

भाऊजींचा हा आवाज जठारपेठेतून निघाला तो थेट अकोला स्टेशनात जाऊन आदळला. गार्डाने शिट्टी मारली असं समजून नागपूरची गाडी वेळेआधीच सुटली. हे मी इतकी वर्षं सांगत आलो आणि अजून कोणी खोटं ठरवलेलं नाही. खंडेनवमीची सकाळ होती. घरामागच्या छपरात भाऊजींची पितळ ओतायची भट्टी होती. तिथली सगळी हत्यारं ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, अंगणात पाटावर मांडली होती. सांडशी, पळे, कानशी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. आणि मधोमध, विहिरीच्या पाण्याने न्हाऊन निथळत बसलेली, नवी कोरी मूस.

"म्या धुतली," ताई म्हणाली. नऊ दिवसांच्या उपासाने तिचा आवाज दोऱ्याएवढा उरला होता. "सारंच धुतलं. पूजेले मळकं ठेवतेत का कोनी?"

"अवं, मळकी नाही ते! रंगच हाये तिचा!"

"मले वाटलं काजळी हाये. घासून घासून माहे हात काळे झाले, तरी निघेना."

भाऊजी मटकन खाली बसले. त्यांच्या घशात आणखी एक आरोळी तयार होती, पण ती बाहेर काढायचं त्राण नव्हतं. लढाईची वर्षं होती ती. माणसं थकली होती, बैल थकले होते, रॉकेलच्या दिव्यातली वातसुद्धा बसून जळायची.

मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. काळ्या शिशाची, म्हणजे शिसपेन्सिलीत असतं त्या ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून ते घडवतात. आत पितळ पाण्यासारखं उकळलं तरी मूस विस्तवात खुशाल बसून राहते. तिचं वैर फक्त ओलीशी. पाणी प्यालेली मूस तापवली की ती तडकते आणि आतला माल राखेत जातो. भाऊजींना हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ताईला कोणी सांगितलं नव्हतं. भट्टीवरची गोष्ट घरात सांगायची आमच्यात पद्धत नव्हती.

त्यात आमची दोन्ही घरं पिढीजात भाजीवाल्यांची. बार्शीटाकळीच्या अंगाला वांगी, मेथी, झेंडू पिकवावा आणि विकावा. खंडेनवमीला कुदळ धुवायची, विळा धुवायचा, मोट धुवायची, बैल हाताशी सापडला तर तोही धुवायचा. पाण्याने बिघडेल अशी वस्तू देवाने जगात घातलेलीच नाही, असा आमच्या लोकांचा पक्का समज. माझ्या एका काकाने तर घड्याळ धुतलं होतं. त्यानंतर ते दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवायचं आणि काका त्या वेळेला अभिमानाने आम्हाला बोलावून दाखवायचा.

भाऊजी एकटेच या पाण्यातून उठून विस्तवाकडे गेले. जिनिंग फॅक्टरीत राबून ओतकाम शिकले आणि आपली भट्टी घातली. त्या दसऱ्यानंतर जिनाचा मुहूर्त होता. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांचे पितळी बुश, म्हणजे आस ज्यांत फिरतो त्या नळ्या, सगळे झिजले होते आणि ते मुहूर्ताआधी ओतून द्यायचं काम भाऊजींना मिळालं होतं. वेळेत दिलं तर वर्षानुवर्षं जिनाचं काम त्यांचं. नाही दिलं तर ते दुसऱ्याकडे जाणार आणि भाऊजी बापाच्या वांग्यांत.

आणि नेमकी जुनी मूस फुटली होती. अकोल्यात मिळेना म्हणून मी अमरावतीला गेलो. तिथला दुकानदार खुर्चीत अर्धा झोपलेला. डोळे न उघडता म्हणाला, "पयले या काळ्या शिशाले कोन पुसे बाप्पा? पोरायच्या पेन्सिली अन् मडमेच्या चुलीचं पॉलिश, खतम. आता तोफगोळ्याचं पितळ ओतायचं तं मूस पायजे. बॅटरीच्या मसाल्यात हेच, यंत्राच्या वंगनात हेच. जिकडं पाहा तिकडून मागनी. सारा माल सरकारी कारखाने उचलून राहिले."

"खान तं आपल्या वरच्याच डोंगरात हाये ना?"

"बैतुलाकडं हाये. असन. आपल्या दुकानात कुठं हाये?"

त्या खाणीची माती इतकी निसरडी, की हरणावर झेपावलेला वाघ तिच्यावरून घसरला तो परतवाड्याच्या बाजारात येऊन थांबला, हे दुकानदाराने सांगितलं. तो लाजून भाजीवाल्यांच्या रांगेत बसला, ही भर माझी. मी तिथून हललोच नाही. शेवटी माझा कंटाळा येऊन त्याने बाजेखालून एक मूस काढली आणि म्हणाला, "घे. पान्याच्या वाऱ्याले उभी नको करू."

बडनेऱ्याला गाडी बदलून, दुलईत गुंडाळलेली ती मूस मी मांडीवर घेऊन आलो. समोरच्या म्हातारीने विचारलं, "लेकराले ताप हाये का रे?" मी मान हलवली. मग अख्ख्या डब्याने मला जागा करून दिली आणि मूर्तिजापूरपर्यंत कोणी बिडी ओढली नाही.

अशी आणलेली मूस आता पाटावर ठिबकत होती.

ती वाळवायला घेतली. हे काम घाईचं नव्हे. मंद शेकावर, फिरवत फिरवत, तान्हं बाळ शेकावं तसं शेकायचं. ताई चुलीपाशी तिला मांडीवर घेऊन बसली. उपास सुटले तरी ती धड जेवली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी तर पावसाने कहर केला. चांगला पोटभर कोसळला. छप्पर गळू लागलं तसे आम्ही तिघं मुशीवर घोंगडी धरून बसलो. आभाळ फाटून खाली आलं असतं तरी आम्ही म्हटलं असतं, बाप्पा, मुशीवर नको पडू.

दुसऱ्या दिवशी भाऊजींचे वडील आपट्याची पानं घेऊन आले. मुलाच्या हातावर सोनं ठेवलं आणि घोंगडीखाली वाकून पाहिलं.

"याले मीठ-हयद लावून वायवता का? लोनचं घालता?"

"बाबा, गंमत नोका करू."

"गंमत नाही. वांग्याचे वाफे खाली पडून हायेत. कवा येतं सांग."

म्हातारा गेल्यावर भाऊजींनी मूस कानाशी धरली, बोटाने वाजवली. "वायली वाटते," म्हणाले. मुहूर्त उद्यावर आला होता. त्यांना ती वाळलेलीच वाटायला हवी होती.

"आनखी थोडं शेकू ना," ताई म्हणाली.

"थोडं थोडं करता जीन सुरू होऊन जाईन वो."

भर दुपारी भट्टी पेटवली. मी भाता ओढला. पितळ लाल झालं, मग पिवळं, मग त्यावर हिरवी ज्योत नाचू लागली. भाऊजींनी सांडशी उचलली आणि तेवढ्यात कट् असा आवाज झाला. कोणी विडा लावताना सुपारी कातरावी तेवढाच. इतर कुठल्याही दिवशी मी सांगितलं असतं की धमाका झाला आणि छप्पर मूर्तिजापूरला सापडलं. पण तेवढाच आवाज झाला. मुशीच्या पोटावर केसाएवढी रेघ उमटली, रुंदावली, आणि पितळ निमूटपणे कोळशांतून खाली राखेत गेलं.

कोणी रागावलं नाही. रागवायलाही अंगात थोडी धग लागते. ताईने आपले काळे हात पदरात घेतले. भाऊजींनी तोंड धुतलं, टोपी घातली, मला म्हणाले, "चाला पावने. सांगून येऊ."

जिनाच्या फाटकात शिरलो तर पट्टे थंड, चाकं थंड. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी असते ती धावपळ कुठेच नव्हती. मॅनेजर साहेब पुण्याकडचे. हिशेबाच्या मेजावर पाय ठेवून पानाला चुना लावत होते. भाऊजींनी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि शेवटी हात जोडले, "साहेब, उद्याचा मुहूर्त साधत नाही. काम दुसऱ्याले द्या."

"उद्या कुठला मुहूर्त? पुढे गेला. पावसाने गावोगावचा कापूस भिजलाय. वाळेपर्यंत जीन बंद."

भाऊजी दाराची चौकट धरून उभे राहिले. म्हणाले, "मंग आमाले सांगावा काहून नाही धाडला, साहेब?"

साहेबांनी पान तोंडात टाकलं.

"माणूस मोकळा नव्हता."