सात नंबरच्या खांबाजवळचं घरटं

आत्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोशिवाय दुसरं फारसं काही झालं नाही. तीस वर्षं एकच राखाडी पडदा, एकच स्टूल आणि एकच पालुपद, "हनुवटी वर, हसू नका." मोबाइल आले, गिऱ्हाइकं गळाली, तशी आत्या नदीवर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायला लागली. तिचा धाकटा भाऊ विचारायचा, "ताई, पक्षी करतात का गं हनुवटी वर?"

"तुझ्यापेक्षा बरं ऐकतात."

त्या उन्हाळ्यात पुलाखालच्या वाळूत तिला सुरय पक्ष्यांची जोडी सापडली. काळी टोपी, पिवळी चोच. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात तीन अंडी. आणि सोमवारी तिथेच वाळू उपसायचं यंत्र लागणार होतं. आत्याने तहसील कचेरी गाठली. साहेब म्हणाले, "पुरावा आणा. पिल्लं उडेपर्यंत काम थांबवतो."

शनिवारी तिने फोटो नेला. डोळा, चोच, पीस न् पीस. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"पक्षी झकास आहे हो बाई. पण आहे कुठे? मागे काहीच नाही. ही वाळू कुठलीही असेल."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर माणसांच्या मागचं सगळं झाकत आली, तीच खोड पक्ष्यालाही लावून बसली होती.

"परवा यंत्र येतंय," भाऊ म्हणाला. "सोड आता नाद."

"मध्ये रविवार आहे की. तो पडदा काढून दे मला."

पुलाच्या खांबांवर आकडे रंगवलेले होते. सात नंबरचा खांब मागे यायचा, तर पलीकडून वाळूत पालथं पडून फोटो घ्यायला हवा. आणि मादी बिचकून उडाली, तर अंडी उन्हात भाजून निघणार. म्हणून रविवारी उजाडताच आत्या पडदा पांघरून लांबवरच आडवी झाली आणि वीत वीत पुढे सरकू लागली. मादीने मान वळवली की आत्या वाळू व्हायची. गुडघे बोंबलत होते, पण त्यांना विचारतो कोण? भाऊ काठावर बसला होता, आणि चक्क गप्प होता.

ऊन चढलं. अंडी फिरवायला मादी आपणहून उठली. पक्षी, तीन अंडी, मागे ठळक सात.

सोमवारी कचेरीचं कुलूप निघायच्या आधी आत्या दारात उभी. साहेबांनी फोटो पाहिला आणि शिक्का उचलला.

यंत्र काठावर झाकून पडलं. पिल्लं पाण्यावरून उडायला लागली, तेव्हा त्याचा ड्रायव्हर आत्याला म्हणाला, "उद्यापासून काम चालू. इतके दिवस तुमच्या पक्ष्यांपायी बसलोय, माझाही एक फोटो काढा की."

"हनुवटी वर," आत्या म्हणाली. कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागचा पूलही यावा म्हणून चार पावलं मागे सरकली.