डॉक्टर असं म्हणालेच नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, अंबाबाईलाही नाही — तिला ठाऊक असेल, पण मी आपणहून बोलले नाही.

इंदू माझी धाकटी जाऊ. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, नाहीतर पाय आखडेल. चालवायचं काम माझ्याकडं आलं. इंदू दारातच रडायची. मग मी म्हटलं, नुसतं गिरणीपर्यंत चल, पुढचं पुढं बघू. गिरण आली की म्हणायचं, आता तालमीच्या दारापर्यंत. असं तुकडे पाडत दोन महिन्यांत आम्ही रोज सकाळी दूधकट्ट्यावर पोचायला लागलो. तिथं म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून पेला हातात देतात. इंदूला दमल्याचं कळायचंसुद्धा नाही. वाटेत गाणी म्हणायची — आणि आवाज कसला, विचारू नका.

इथंवर मी चांगली बाई आहे. इथंच थांबू का?

नको. एक दिवस ती माझ्या पुढं गेली. मी पोचले तर फेसाचा पहिला पेला तिच्या हातात, ओठावर पांढरी मिशी. म्हणते कशी, "अक्का, दमलासा व्हय? बसा की जरा." चाळीस वर्षं या घरात पहिला पेला माझा. मला वाटलं, म्हैससुद्धा माझ्याकडं बघून हसली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं — डॉक्टर म्हणालेत, असं तुकड्यांनी चाललेलं अंगाला लागत नाही. आता निघायचं ते थेट कट्ट्यापर्यंत. मधे गिरण नाही, तालीम नाही.

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते.

इंदूनं दारातनं अख्खा रस्ता बघितला. ज्या गिरणीवरून गाणं म्हणत जायची, तिच्याच पायरीवर मटकन बसली. "अक्का, एवढं लांब हुतं व्हय हे?" रस्ता तोच, पाय तेच. आणि मी काय केलं? तिला रिक्षात घालून घरी पाठवलं आणि पुढं जाऊन दूध प्याले.

तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी ती आली नाही. मी बोलवायला गेले नाही.

आता तिचा पाय वाकत नाही. दिवसभर खुर्चीत असते. कुणी आलं की सांगते, "अक्कांनी माझ्यासाठी लई केलं. माझ्याच्यानंच झालं न्हाई."

मी शेजारीच असते, चहा पीत. पावणं माझ्याकडं बघतात. मी म्हणते, "व्हय. हिनंच सोडलं."