धाकट्याचा प्रसाद

आमच्या घराण्यात देवाच्या दारात पकडला गेलेला मी पहिलाच पुरुष. पकडणाऱ्या दोन फिलिपिनो बायका होत्या आणि दोघी मिळून माझ्या खांद्याला लागत होत्या.

तेव्हा आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आली होती. माझा धाकटा भाऊ मंदार, आमच्या घरचं शेंडेफळ, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना साध्या तापाने गेला. त्यानंतर आईने त्याचं नाव घेतलं नव्हतं आणि देवाला हातही जोडले नव्हते. ‘माझं देवाशी बोलणं नाही’ म्हणायची, जसं काही सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण झालंय! ती परत गेली की पुण्याच्या घरात एकटीच. त्याआधी तिला एकदा तरी मंदारबद्दल बोलतं करायचं, एवढाच ध्यास मी घेतला होता. (मी ब्रेकचा इंजिनिअर. गोष्टी थांबवण्याचा पगार घेतो, सुरू करण्याचा अनुभव नाही.)

बोलतं केलं ते ग्रेसने. ही आमची खालच्या मजल्यावरची शेजारीण, फिलिपिनो, हॉस्पिटलात नर्स. एकदा चहाला आली आणि तिच्या लाडक्या संताची गोष्ट सांगू लागली. “सतरा-अठरा वर्षांचा पोरगा हो! फादरबरोबर लांबच्या बेटावर गेला. लोक भाले घेऊन अंगावर आले. पळू शकला असता, पण फादरना सोडून गेला नाही. तिथेच मारला गेला.”

मी भाषांतर केलं. आईने कप खाली ठेवला.

“त्याच्या आईला कोणी कळवलं?”

ग्रेस म्हणाली, “ते कुठे लिहिलेलं नाही, ममा.”

“बघ! भाला कुठला ते ठाऊक, आईचं विचारलं कोणी?” आई म्हणाली. “मला त्या पोराकडे जायचंय.”

झालं! रविवारी आम्ही म्युनिकच्या एका चर्चमध्ये हजर. तिथे फिलिपिनो मंडळींनी एका कोपऱ्यात त्याचं छोटंसं स्थान केलंय. हातात पुस्तक धरलेली कोवळ्या पोराची मूर्ती, भोवती मेणबत्त्या. आईने त्या पुस्तकाकडे बघितलं. “परीक्षा असावी बिचाऱ्याची,” एवढंच म्हणाली. मी छताचा फोटो काढला.

प्रार्थना सुरू झाली. आम्हाला सांभाळायची ती ग्रेस वर गाणाऱ्यांत जाऊन उभी राहिली. मग सगळे उठून पुढे रांग लावू लागले.

“ऊठ, प्रसाद देतायत,” आई म्हणाली.

“आई, आपल्याला चालतं का पण?”

“प्रसादाला नाही म्हणू नये.”

मी पुढे, आई मागे. उजवा हात वर, डावा खाली. फादरनी पांढरी पातळ चकती हातावर ठेवली. लोक ‘आमेन’ म्हणत होते, मी ‘डांके शोन’, म्हणजे धन्यवाद, म्हणालो. आणि आपल्याकडे करतात तेच केलं: घरी बायको-मुलीलाही मिळावा म्हणून प्रसाद रुमालात बांधून खिशात टाकला!

पुढच्या क्षणी माझ्या दोन्ही बाह्या दोन बायकांच्या मुठीत होत्या.

“परत द्या! आत्ताच्या आत्ता!”

“घरी न्यायचाय,” मी समजावलं.

“घरी?!” एकीने छातीवर क्रूस काढला. त्यांच्या दृष्टीने मी साक्षात त्यांचा देव खिशात घालून निघालो होतो. हे मला ठाऊक नव्हतं. मी घामाघूम होऊन रुमाल सोडला आणि प्रसाद फादरच्या हाती परत दिला.

फादर शहाणे झाले. आईला त्यांनी चकती दिली नाही, आशीर्वादाला हात उचलला. पण आईचा हात पुढेच.

“मला नको,” ती मराठीत म्हणाली. “मंदारला द्या.”

मंदार! इतक्या दिवसांनी!

“काय म्हणतायत?” फादरनी विचारलं.

“माझ्या भावासाठी मागतायत.”

“आजारी आहे का? मी घरी येईन.”

“नाही... आजारी नाही.”

“मग इथे का आला नाही?”

मागे अख्खी रांग तुंबलेली. आई माझ्या तोंडाकडे बघतेय. आणि मला कळलं की हे वाक्य मी स्वतःही कोणापुढे कधी उच्चारलं नव्हतं. ऑफिसात ‘घरगुती अडचण’ म्हणून रजा टाकली होती.

“एर इस्ट टोट,” मी म्हणालो. तो गेलाय.

फादरनी आईचा पुढे केलेला हात दोन्ही हातांत घेतला. मग मला नाव विचारलं, आणि प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांसमोर ते मोठ्याने घेतलं. ‘मांडार’ म्हणाले, पण घेतलं. अख्खं चर्च त्याच्यासाठी उभं राहिलं. आईने त्या कोपऱ्याकडे बघून हात जोडले.

बाहेर मघाच्याच दोघींनी आम्हाला पोटभर जेवू घातलं, वर तांदळाच्या गोड वड्यांचा डबा बांधून दिला. (हा घरी न्यायला परवानगी होती!)

परतीच्या ट्रेनमध्ये आई बोलायला लागली ती थांबेचना. मंदारचे दाढीचे पहिले चार केस, मंदारचं कणकेच्या डब्यात लपवलेलं प्रगतिपुस्तक, तापात मागितलेली पाणीपुरी. तिने पहिली वडी माझ्या हातावर ठेवली. “घे. त्याची आता तूच खायची.”

मी तोंडात टाकली आणि फुटलो. चिकट वडी, गिळता येईना, थुंकता येईना. नाक वाहतंय, हुंदके बोगीच्या दुसऱ्या टोकापर्यंत! तिकीट तपासनीस आला, माझ्याकडे बघून त्याने तिकीट न मागता पाण्याची बाटली पुढे केली.

आईने पाठीवरून हात फिरवला. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत. “पुरे रे. मंदार असता ना, तर तुझा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला असता.”

पाठवलाच असता, गाढवाने! आणि खाली लिहिलं असतं: आमचे दादा, जर्मनीतले मोठे साहेब.