कादंबरीतल्या विधवेला कुंकू

हळदीकुंकवाचं ताट माझ्या डाव्या बाजूच्या बाईपाशी थांबलं. मग उजव्या बाजूच्या. मधे मी होते. वकिलीणबाईंनी माझ्याकडं न बघता पाय पुढं टाकला. मी सतरंजीवर अंग चोरून बसले.

केडगावात आमचा बायकांचा वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक वाचायचं, मग जमून त्यावर बोलायचं. मी यांची ब्लाउजं शिवते. वाचायचं वेड म्हणून मलाही घेतलं. यंदा बैठक संक्रांतीच्या दिवसांत आली, तर वकिलीणबाईंनी आधी घरचं हळदीकुंकू उरकून घेतलं. माझा नवरा जाऊन तिसरं वर्ष लागलंय. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

मग कादंबरी निघाली. जुन्या काळातली. गढीत कोंडलेली सरदाराची तरुण विधवा, आणि तिला घोड्यावर घालून पुरातून पार नेणारा शिलेदार. बायका नुसत्या पाघळल्या. एक म्हणाली, "शेवटी तो तिच्या कपाळाला कुंकू लावतो ना, अंगावर काटाच आला." वकिलीणबाई म्हणाल्या, "काय धीराची बाई!"

मीही वाचली होती. मशीन बंद ठेवून. फार दिवसांनी आपण जिवंत आहोत असं वाटलं होतं. माझी पाळी आली तेव्हा तेच बोलले.

"पुरात तो तिला घट्ट धरतो, ते मी परत परत वाचलं. वाटलं, मलाही असं कुणी धरावं."

मग एक फिसकन हसली. शेजारच्या मावशी पारनेरकडच्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आगं, लेक हाय तुला. आसलं बोलू न्हाई, बाई." वकिलीणबाई सरळच बोलल्या.

"अगं, ती कादंबरी आहे. खऱ्यात शोभतं का हे? तू जरा पोथी वाचत जा."

मला रडू आलं. नवऱ्यासाठी नाही. माझ्यासाठी. एवढ्या दिवसांत मला काय हवंय हे मी पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं, आणि ते त्यांनी दोन वाक्यांत पुसून टाकलं.

तशी रडतच वकिलीणबाईंना म्हणाले, "काकू, पुस्तकातल्या विधवेला कुंकू लावलं तर तुम्हा सगळ्यांना काटा येतो. मी समोर बसलेय. माझ्यापाशी हात का आखडला?"

चहा आला. कुणीतरी तिळगूळ पुढं केला, मी घेतला नाही. घरापर्यंत चालत आले, सगळा रस्ता रडत. एकीनंही मागून हाक मारली नाही, हे फार लागलं.

पण पुढच्या बैठकीला मी जाणार. निरोप आला नाही तरी जाणार. तिथं बसून कुठल्याही पुस्तकाआड न लपता सांगणार, की मला पुन्हा लग्न करायचंय. लेकीला आज सांगून झालंय. सासूबाईंना सकाळी सांगते.