नाव कायमचं का तात्पुरतं?

कंट्रोलर नानांना साधं बोलता येत नसे; ते घोषणा करत. उभी नोकरी धुळ्याच्या एसटी स्टँडवर माइकसमोर गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर माइक सुटला तरी आवाज सुटला नाही. सकाळी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा गाळला की आख्ख्या गल्लीला कळायचं, "चहा फलाट क्रमांक दोनवर लागत आहे, पिणाऱ्यांनी कृपया लक्ष द्यावे." फलाट क्रमांक एक म्हणजे ओटा आणि दोन म्हणजे अंगणातला झोपाळा. दूधवाला उशिरा आला तर तो 'तांत्रिक कारणास्तव' उशिरा आलेला असायचा. घोषणा अशी कडक इस्त्रीची, पण ती संपली की नाना लगेच आपल्या अहिराणीत उतरायचे आणि मग त्यांच्याइतका मऊ माणूस गल्लीत दुसरा नव्हता. आमचं घर त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे मी या घोषणा ऐकतच मोठी झाले.

हे नाना लोकांचे परदेशातले हनिमून बिनघोर पार पाडून देत. हसू नका, खरंच देत. झालं असं की त्यांचा शिंदखेड्याचा पुतण्या लग्नानंतर बायकोला घेऊन थायलंडला निघाला. त्याच्या आईने निघायच्या आधी दोन्ही पासपोर्ट देवासमोर ठेवले, हळदकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं. मुंबईच्या विमानतळावर पोचल्यावर लक्षात आलं की पासपोर्ट अजून देवासमोरच आहेत. जोडपं तसंच माघारी आलं आणि हनिमून शिंदखेड्यातच पार पडला. तेव्हापासून नानांनी मनावर घेतलं. नात्यात, ओळखीत कुणाचंही लग्न ठरो, परदेशाचा विषय निघाला की फाइल नानांकडे. कुठल्या विमानतळावर पाणी कुठे मिळतं आणि स्वच्छतागृह कुठल्या हाताला आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतः मात्र ते विमानात कधीच बसले नव्हते. त्यांचा पासपोर्ट होता, एकदा मुदत संपून नवाही झाला होता, पण आत एक शिक्का नव्हता. का, असं विचारलं की "ती गाडी रद्द शे" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "अडचणले आधी घर बलावानी, च्या पाजानी. मंग ती इमानमा येत नही." म्हणजे प्रवासात जे जे बिघडू शकतं ते आधी घरीच बिघडवून घ्यायचं. म्हणून प्रत्येक जोडप्याची त्यांच्या अंगणात रंगीत तालीम व्हायची, आणि ती बघायला गल्ली लोटायची. बायका निवडायच्या भाज्या घेऊनच यायच्या.

माझं लग्न जळगावच्या तुषारशी ठरलं आणि जायचं ठरलं बालीला. लग्नाला पंधरा दिवस असताना एका रविवारी तुषारला बॅग घेऊन धुळ्याला बोलावण्यात आलं. त्याला वाटलं, गप्पागोष्टी असतील, जेवण असेल. आला तर समोर खुर्च्यांची रांग, दारात नाना, हातात कपडे धुवायचं धोपाटणं. "बालीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी सामान तपासणीसाठी रांगेत उभे राहावे." टेबलावर अक्कांच्या दोन पराती होत्या. एका परातीत घड्याळ, मोबाइल, पट्टा, दुसरीत बूट. तुषारने निमूटपणे सगळं काढलं. नानांनी धोपाटणं त्याच्या अंगावरून फिरवलं आणि खिशाजवळ येताच तोंडाने इतक्या जोरात 'टींऽऽ' केलं की तुषारने दचकून दोन्ही हात वर केले. पट्टा परातीत होता. लग्नाच्या धावपळीत पोरगा वाळलेला. पँट खाली आली.

गल्लीचं काय झालं ते मी सांगत नाही. मेथी निवडणाऱ्या काकू जुडीत तोंड खुपसून हसत होत्या. नाना मात्र गंभीरपणे वहीत काहीतरी लिहीत होते. "अठे सुटनी ते बरं व्हयनं," ते म्हणाले, "तठे सुटती ते देशनी इज्जत जाती." तुषारच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'नाडीची पँट'. बालीला तो खरंच नाडीच्या पँटीत गेला.

मग सामानाची पाळी. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी जळगावहून आमच्या बालीसाठी ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, केळीचे वेफर्स आणि कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवली होती. बिबड्या आणि वेफर्स नानांनी पास केले. बरणीकडे बघून मात्र म्हणाले, विमानतळावर बॅगा कुणी कडेवर घेऊन नेत नाही, आपटतात. आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी बरणी माझ्या नव्या कोऱ्या बॅगेत ठेवून ती बॅग गच्चीच्या जिन्यावरून सोडून दिली. ती बारा पायऱ्या बारा तऱ्हेने उतरली. उघडून बघतो तर लोणचं माझ्या पांढऱ्या ड्रेसवर, माझ्या नव्या टोपीवर, सगळीकडे. मी किंचाळले. नाना मला शांतपणे म्हणाले, "अडचण ईसन च्या पी गयी, बेटा. आते नही येवाव ती." तो ड्रेस आजही माझ्याकडे आहे, त्याला अजून लोणच्यातल्या मेथीचा वास येतो.

शेवटची परीक्षा साहेबासमोरची. परक्या देशात उतरल्यावर खिडकीत बसलेला साहेब पासपोर्ट बघतो आणि विचारतो. नाना नाकावर चष्मा ओढून साहेब झाले. एका हाताला आमचे पासपोर्ट, दुसऱ्या हाताला तुषारने आणलेली तिकिटं. त्यांनी फुटपट्टी लावून एकेक अक्षर ताडून बघायला सुरुवात केली. तुषारचं जुळलं. माझ्या तिकिटावर फुटपट्टी थांबली.

"नाव?" नानांनी मला विचारलं.

मी तुषारकडे बघितलं. कारण पासपोर्टावर होतं मंदाकिनी, आणि तिकिटावर तेजस्विनी.

हे कसं झालं ते सांगायला हवं. माझं नाव आजीने ठेवलेलं, मंदाकिनी. घरात मंदा. तुषारच्या घरी जळगावात बियाणांचं ठोक दुकान. सासूबाईंना मी आवडले, माझं शिक्षण आवडलं, नाव ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "आमचा धंदा बाजाराचा. आणि घरात काय आणायची, तर मंदी?" त्यांनी तिथल्या तिथे नाव ठरवलं : तेजस्विनी. म्हणजे दुकानात तेजी. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने ते लिहायचं, एवढाच कार्यक्रम बाकी होता. सासरे तर इतके उत्साही की तिकिटंसुद्धा त्यांनी तेजस्विनीच्याच नावाने काढून टाकली. सगळे हसले, मीही हसले. आतून मला ते अजिबात नको होतं, पण लग्नाआधीच सासूशी वाद कोण घालणार? तुषारला एकदा विचारलं तर तो म्हणाला, आईला आवडतंय तर असू दे ना, मी तुला मंदाच म्हणेन.

"नाव?" नानांनी पुन्हा विचारलं.

"मंदाकिनी."

साहेबाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कायमचं का तात्पुरतं?"

विमानतळावर असा प्रश्न कुणी विचारत नाही, एवढं मला कळत होतं. पण एकदम रडूच आलं. लोणच्याने माखलेला ड्रेस हातात धरून भर अंगणात मी रडले. तुषार पँट सावरत उभा राहिला. बहुतेक त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. नानांनी वही मिटली आणि घोषणा केली, "जळगावकडे जाणारी गाडी उद्या सकाळी सुटेल."

दुसऱ्या दिवशी मी, बाबा आणि नाना एसटीने जळगावला गेलो. माझ्या बांगड्यांचं माप द्यायचं होतं, हे निमित्त. सासूबाईंनी शेवभाजी केली होती. नानांनी आधी पोटभर जेवून घेतलं आणि मग तिकीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. तिकीट नव्याने काढावं लागणार, यात वाद नव्हता, सासऱ्यांनी लगेच फोन लावला. पण सासूबाई म्हणाल्या, "ठीक आहे, तिकीट मंदाकिनीचं काढा. तांदळावर तर तेजस्विनीच लिहू. तांदूळ काही कुणी विमानतळावर तपासत नाही."

नानांनी ताटातला उरलेला कांदा बोटाने कडेला सरकवला. मग बोलले तेव्हा घोषणेचा आवाज नव्हता.

"ताई, मी बी हाऊच उद्योग करा व्हता. मनी बायकोनं नाव केसर. मनी माय बोलनी, केसर महाग शे, आपले परवडाव नही. ताटमा तांदूळ पसरा नि सुमन लिखी टाकं. आंगठी धरी व्हती तो हात मनाच व्हता. आते शाळाना दाखलावर केसर, बाकी बठ्ठा कागदवर सुमन. मना पासपोर्ट तयार व्हयना, तिना अटकना. हापिसमा इचारं, तुम्ही नेमक्या कोन? ती बोलनी, मालेच माहीत नही. तधळपासून फाइल माळ्यावर शे."

म्हणजे नानांचा पासपोर्ट झाला होता आणि अक्कांचा अडकला होता; ती रद्द झालेली गाडी ही होती. पासपोर्ट खिशात असून नाना अक्कांशिवाय कुठे गेले नव्हते, आणि सगळ्या गावाची जोडपी तेवढी विमानात बसवून देत होते.

सासूबाई उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. त्या चहा घेऊन आल्या, माझ्या हातात कप दिला आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "माझं कुसुम होतं. मंगला इथे आल्यावर झालं." मग मला म्हणाल्या, "मंदाकिनीच राहू दे. पण दुकानात कुणी विचारलं तर पूर्ण नाव सांग. मंदा सांगू नको." मी आजही पूर्ण नाव सांगते. दुकान उत्तम चाललं आहे.

आमची बाली इतकी बिनघोर झाली की सांगण्यासारखं काही घडलंच नाही. खिडकीतल्या साहेबाने नाव विचारलं, मी खणखणीत आवाजात सांगितलं, तुषारची पँट जागेवर राहिली. परत आल्यावर नानांना तिथला एक शंख दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि अक्कांकडे देत म्हणाले, "आयक, तठली घोषणा." अक्कांनी ऐकला आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला, त्या फाइलशेजारी.

ते तुषारने पाहिलं. पुढचं जवळजवळ वर्षभर तो दर पंधरा दिवसांनी जळगावहून धुळ्याला यायचा. अक्कांना घेऊन त्याने शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, सगळे उंबरे झिजवले. कुठलं नाव ठेवायचं, असं त्याने विचारलं तेव्हा अक्का क्षणभरही थांबल्या नाहीत. "केसर," म्हणाल्या, "कितलं बी महाग ऱ्हाऊ दे."

आणि मग सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याची रंगीत तालीम त्याच अंगणात झाली. साहेब म्हणून खास जळगावहून आल्या माझ्या सासूबाई. धोपाटणं तुषारच्या हातात. नाना सहा वेळा वाजले : चुन्याची डबी, नाणी, किल्ल्या, अडकित्ता, निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ, आणि जुनी शिट्टी. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून अक्कांना विचारलं, "नाव?" "केसर." "कायमचं का तात्पुरतं?" अक्का लाजून पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "आते कायमचं."

त्यांना निरोप द्यायला आम्ही सगळे धुळ्याच्या स्टँडवर गेलो. मुंबईची गाडी लागली होती. अक्का खिडकीत बसल्या आणि नाना दिसेनात. तेवढ्यात भोंग्यातून तो आवाज आला, अनेक वर्षांनी, पुन्हा तोच. नव्या कंट्रोलरने खुर्ची दिली होती.

"मुंबईमार्गे बालीला जाणाऱ्या प्रवासी सौभाग्यवती केसर दामोदर सोनवणे यांनी कृपया लक्ष द्यावे. आपली गाडी फलाटावर लागलेली आहे. गाडीस फार उशीर झाल्याबद्दल नियंत्रक दिलगीर आहेत."

अक्का इकडेतिकडे बघत होत्या, कुणाला बोलावतायत म्हणून. मग त्यांना कळलं, आणि त्या नव्या नवरीसारख्या लाल झाल्या. सगळा स्टँड टाळ्या वाजवत होता. मी हसत होते आणि रडतही होते, आणि माझ्या शेजारी सासूबाई माझ्याच ओढणीने डोळे पुसत होत्या.

मागच्या थंडीत नाना गेले. त्यांच्या तालमी आता आम्ही दोघं घेतो. परवा अशाच एका तालमीनंतर मी अक्कांना विचारलं, बालीत तुम्हाला सगळ्यात काय आवडलं? समुद्र, विमान, काय?

अक्का झोपाळ्यावर बसल्या होत्या, फलाट क्रमांक दोनवर. त्यांनी पायाने एक झोका घेतला.

"समुद्र मोठा शे, काही वाद नही," त्या म्हणाल्या. "पन स्टँडवर त्यासनी मनं नाव लिधं ना, मनं हनिमून तठेच व्हई गयं."