लॅपटॉप कुणासाठी

लॅपटॉप घ्यायला आम्ही शंकर नगरला गेलो, त्याला कारण एकच. तिथे ओळखीचं कुणी भेटलं नसतं. आम्ही राहायचो रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, जुन्या वस्तीत, वरच्या मजल्यावर भाड्याने, आणि घरातून पायी जाता येईल अशी कॉम्प्युटरची चांगली दुकानं होती. पण पाऱ्यात मी नुसती सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन आले तरी समोरच्या ओट्यावरून ‘आज वड्या काय?’ असा प्रश्न यायचा. तिथल्या दुकानात बसून लॅपटॉप बघायचा म्हणजे दवंडीच पिटायची; खोकं काय, अंधार पडल्यावर जिन्याने वर नेता आलं असतं.

मला एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. प्राचीन इतिहास, रेग्युलर, रोज विद्यापीठात जाऊन वर्गात बसायचं. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी लग्न होऊन भंडाऱ्याहून रायपूरला आले होते, आणि पुढे शिकायचं म्हणता म्हणता पंचेचाळिशी उलटली. आमच्या मराठी घरांमध्ये कुणालाही कुठेही प्रवेश मिळाला की पेढे वाटायचे, मग ते पॉलिटेक्निक असो नाहीतर टायपिंगचा क्लास. नवरा पेढे आणायला निघालाच होता. मी त्याला जिन्यात अडवलं.

“काहून? शिकाची लाज वाटते का तुले?” त्याने विचारलं.

वाटत होती. वयाची वाटत होती, पण तेवढी मी सोसली असती. खरी लाज वेगळीच होती. आमच्या मुलीने त्याच वर्षी एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली होती, दुसऱ्यांदा, आणि तिचं नाव यादीत आलं नव्हतं. एकाच घरासाठी एकाच महिन्यात दोन याद्या लागल्या. पोरीच्या यादीत पोरगी नव्हती आणि आईच्या यादीत आई होती. शिकायच्या वयाची पोर घरी बसलेली आणि या घोडनवरीला बाशिंग! असं मी स्वतःलाच बोलत असे, दुसऱ्या कुणी बोलायच्या आत.

लॅपटॉपशिवाय मात्र चालणार नव्हतं. असाइनमेंट टाइप करून द्यायच्या होत्या. घरात मुलीचा एक होता, पुतण्याने वापरून झालेला, बिजागरी मोडलेला. तो उशीला टेकवून उघडावा लागायचा. तिने कॉलेजात असताना नवा मागितला होता आणि आम्ही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून तिची बोळवण केली होती. आता पहिला नवा लॅपटॉप येणार तो माझ्यासाठी. हेही मनाला टोचतच होतं.

गंमत म्हणजे मुलगी जराही फुरंगटलेली नव्हती. सगळी चौकशी तिनेच केली. “आई, डॉसवाला ले लेंगे,” ती म्हणायची. “विंडोज बाद में डलवा लेंगे, सस्ता पड़ेगा.” तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी. पाऱ्यातली सगळीच पोट्टी तशी.

दुकानदाराची नुकतीच पूजा झाली होती. काउंटरवर कुंकवाचं ताट, अगरबत्ती, आणि शेजारी उघडे मांडलेले लॅपटॉप. त्याने मुलीकडे बघून विचारलं, “दीदी, कौन सा कोर्स?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी उत्तर देईन म्हणून ती थांबली होती. मी एक माउस उचलून त्याच्या पोटाखालचा लाल दिवा बघत बसले.

“पोस्ट ग्रेजुएशन,” ती शेवटी म्हणाली. खोटं नव्हतं ते. कुणाचं, एवढंच तिने सांगितलं नाही.

मग त्या माणसाने सगळं तिलाच दाखवायला सुरुवात केली. गुलाबी झाकणाचा, गाणी मोठ्याने वाजणारा, गेम खेळता येणारा. मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी विचारलं. मला तर ढीगभर प्रश्न होते. बसने न्यायचा तर वजन किती? देवनागरीत टाइप होईल का? ते सगळे मी मुलीच्या कानात सांगायची आणि ती त्याला विचारायची. नव्या नवरीनेसुद्धा सासरी इतकी कुजबुज केली नसेल.

“विचार त्याले, अक्षरं मोठी करता येतात का?”

तिने विचारलं. दुकानदाराने तिच्या डोळ्यांकडे नीट निरखून पाहिलं. “क्यों दीदी, चश्मा है क्या?”

ती ओठ दाबून हसली. मी माझा चष्मा पर्समध्ये आणखी खाली ढकलला.

शेवटी एक मनासारखा मिळाला. लहान, हलका, स्क्रीन न चमकणारा. मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणून दुकानदार त्याची किंमत उतरवायला तयार होता. मुलीने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, “चलाकर तो देखो.” मी बोटं कळांवर ठेवली. खरं सांगते, त्या क्षणी मला फार आनंद झाला. शाळेच्या पहिल्या दिवशी नवं दप्तर मिळाल्यासारखा. आणि तेवढ्यात दाराची काच सरकली.

आत आल्या त्या वहिनी. यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या बायको, मूळच्या नागपूरच्या. पूर्वी ब्राह्मणपाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. ऑफिसं नव्या रायपूरला हलू लागली तसा त्यांनी तिकडच्या वाटेवर तेलीबांध्याला फ्लॅट घेतला होता, आणि प्रिंटरची शाई घ्यायला त्या नेमक्या याच दुकानात आल्या होत्या. बाई मायाळू. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी दोन्ही वर्षी त्यांचा आठवणीने फोन आला होता.

त्यांनी लॅपटॉप बघितला, मुलगी बघितली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अवो बाई! झाली का पोट्टीची ॲडमिशन? अन् मले सांगतलं नाही तू!”

मुलगी माझ्याकडे बघत होती. दुकानदार बघत होता. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता.

“हो,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता मुलगी बोलेल. पण ती वाकली आणि वहिनींच्या पाया पडली. वहिनींनी दुकानदाराच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेऊन तिच्या कपाळाला लावलं, पर्समधून एक नोट काढून तिच्या हातावर ठेवली. “शिकाले चालली, हात रिकामा नको,” म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मिळाला नव्हता त्या प्रवेशाचा आशीर्वाद माझी मुलगी मान खाली घालून घेत होती, आणि तो तिला माझ्यामुळे घ्यावा लागत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला.

पैसे देऊन, खोकं घेऊन आम्ही बाहेर स्कूटीपाशी आलो. मुलीने ती नोट माझ्यापुढे धरली.

“ये तुम्हारा है.”

“राहू दे तुह्याजवळ.”

“मैं कैसे रखूँ? मेरा थोड़ी हुआ है.” ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिला नुसतं कोडं पडलं होतं. “तुमने बोला क्यों नहीं, आई? मैंने तो अपनी सब फ्रेंड्स को बता दिया, मेरी आई का एम.ए. में हुआ है.”

मी तिला जपते आहे असं मला वाटत होतं. आणि ही पोर माझं कौतुक गावभर सांगत फिरत होती. मी तिच्या हातातली नोट घेतली आणि परत दुकानात शिरले.

वहिनी अजून काउंटरपाशीच होत्या. “काय विसरली वो?”

“वहिनी, ॲडमिशन माही झाली. एम.ए.ले. लॅपटॉप माह्यासाठी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेतून बाहेर, स्कूटीवर बसलेल्या मुलीकडे.

“मग पोट्टीचं?”

“तिचं नाही झालं औंदा.”

“अरेरे,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात छातीशी गेला. “अन् मी टिळा लावला तिले. बिचारी काही बोलली बी नाही.” मी नोट परत द्यायला लागले तर त्यांनी माझी मूठ मिटवली. “तिलेच राहू दे. तेवढंच बरं वाटन तिले.” मग ती नीट जेवते का, एकटी बसून राहते का, असं सगळं त्यांनी विचारलं. माझ्या एम.ए.बद्दल एक शब्द नाही. त्यांना दोष काय देऊ? त्यांच्या जागी मी असते तर मीही पोरीचंच विचारलं असतं.

बाहेर आले तेव्हा मुलीने स्कूटी वळवून ठेवली होती, खोकं पायांपाशी नीट उभं केलं होतं.

“बोल दिया? क्या बोलीं काकू?”

“अभिनंदन म्हणाल्या,” मी म्हटलं.

“देखा! मैं बोल रही थी न!” ती अशी खुलून हसली की मला तिच्याकडे बघवेना. रोज मी मागे बसले की तिच्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी मी सीटची कडी धरून बसले.